शेवटच्या व्हिलातले उस्ताद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला, श्रीकांतला नाही, आईला नाही, देवासमोर हात जोडून उभी असते तेव्हाही नाही — तिथं तर मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या सगळ्यांना मी चांगली बाई म्हणून माहीत आहे. मदतीला धावणारी, गोड बोलणारी. आणि ते मोडायची हिंमत — नाही, मला नाही झाली ती कधी.

तशी बाहेरून बघायला गोष्ट मोठी नाही. कुणी मेलं नाही. पोलिसांत जावं असं काही घडलं नाही. पण दोन म्हातारी माणसं एकमेकांपासून तुटली, आणि का तुटली ते त्यांच्यापैकी एकालाही खरं माहीत नाही. मला माहीत आहे. फक्त मलाच.

थांबा, नीट सुरुवातीपासून सांगते. नाहीतर मी अशीच गोल गोल फिरत राहीन.

मी शारजात राहते, अल नहदाला. रस्ता ओलांडला की दुबई. सकाळी आमची अख्खी बिल्डिंग दुबईकडे धावते आणि मी एकटी उलट्या दिशेला, उत्तरेकडे, समुद्राच्या कडेकडेनं. तिथल्या एका गावाजवळ आमच्या कंपनीनं किनाऱ्याला लागून व्हिला बांधल्या होत्या. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावानं माझं काही वाईट केलेलं नाही. घेणारे बहुतेक परदेशी, रिटायर झालेले. आयुष्यभर पाऊस आणि धुकं पाहिलेली माणसं, त्यांना ऊन हवं होतं. इथं आता रिटायर लोकांना राहायचा व्हिसा मिळतो, त्यामुळे येणारे वाढले होते. माझं काम कस्टमर रिलेशन्सचं. व्हिलाची किल्ली हातात दिली की पुढचं सगळं माझ्याकडे. कुणाचा गीझर, कुणाचं कुत्रं, कुणाचं शेजाऱ्याशी वाजलेलं.

व्हिलांच्या रांगेच्या टोकाला किनारा मोकळा होता, आणि तिथं मासेमारीच्या होड्या ओढून ठेवलेल्या असत. आमची कंपनी येण्याच्या किती आधीपासून, कुणाला ठाऊक. तिथल्या लोकांची घरं केव्हाच आत, हायवेपलीकडच्या नव्या वस्तीत गेली होती — चांगली, मोठी घरं. पण समुद्र इथंच होता ना? म्हणून मग म्हातारी माणसं सकाळी गाडीनं इथं यायची. त्यांतले मुख्य अबू सालेम. तिथलेच, अरब. होड्यांचे मालक. गुडघे गेलेले, तरी झावळ्यांच्या शेडखाली दल्ला, म्हणजे लांब चोचीची पितळी किटली, भरून कॉफी घेऊन रोज हजर. आणि त्यांचा सगळा कारभार बघणारे हसनचाचा. हसनचाचा दापोलीच्या खालच्या अंगाचे. पोरवयात आले आणि अबू सालेमच्या वडिलांच्या होडीवर लागले. त्यांचं निम्मं बोलणं अरबी, निम्मं हिंदी, आणि माझ्याशी मात्र मराठी, अगदी किनाऱ्यावरची.

मी पहिल्यांदा तिथं गाडी थांबवली ती मासे दिसले म्हणून. हिंदीत भाव विचारला, मग श्रीकांतला फोनवर विचारलं, "सुरमई आहे, घेऊ का रे?" तर मागून आवाज आला, "घे गो बाय, ताजी हाय. इथं तिला कनाद म्हणतात, पण हाय ती आपली सुरमयच."

मी इतकी दचकले! आणि मग इतकी हसले. त्या दिवसापासून मी त्यांची बाय झाले. आठवड्यातून एकदा-दोनदा तरी थांबायची. कॉफीचा छोटासा कप, दोन खजूर, थोड्या गप्पा. बापानंतर मला "बाय" म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. हे मी सांगतेय ते सहानुभूती मिळावी म्हणून नाही. कुणाशी खोटं बोलले ते तुम्हाला कळावं म्हणून.

आणि मग ग्रॅहम आले.

ग्रॅहम म्हणजे रांगेतल्या शेवटच्या व्हिलाचे मालक. इंग्लंडच्या उत्तरेकडचे. शाळेत संगीत शिकवून रिटायर झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. उंच, वाकलेले, उन्हानं नाक कायम लाल. व्हिला बघायला आले तेव्हा आमच्या सेल्सवाल्यानं त्यांना मधल्या व्हिला दाखवल्या, पूलजवळच्या. त्यांना त्या नको होत्या. त्यांना शेवटची हवी होती, जी कुणीच घेत नव्हतं. का? तर खिडकीतून होड्या दिसत होत्या.

सह्या करताना त्यांनी मला विचारलं होतं, "वैशाली, त्या होड्या तिथंच राहणार ना?"

"अर्थात," मी म्हणाले. तेव्हा ते खोटं नव्हतं. तेव्हा खरंच कुणी हलवत नव्हतं.

पहिल्याच महिन्यात ते शेडखाली जाऊन बसायला लागले. भाषा एकही कॉमन नाही! ते बिस्किटांचा डबा घेऊन जायचे, अबू सालेम कॉफी ओतायचे. मास्तर होते हे हसनचाचांना मी सांगितलं, तेव्हापासून तिथं त्यांचं नाव "उस्ताद". तारेचे मोठे घुमटासारखे पिंजरे असतात मासे पकडायचे, गर्गूर म्हणतात, ते दुरुस्त करायला हसनचाचांनी त्यांना शिकवलं. फार वाईट करायचे ते. तार उलटीच वळवायचे. हसनचाचा ती सोडवून पुन्हा हातात द्यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "बाय, ह्या उस्तादाला सांग, ह्याच्या पिंजऱ्यातून मासा हसत बाहेर जाईल." मी इंग्रजीत सांगायची, ग्रॅहम मोठमोठ्यानं हसायचे, मग अबू सालेमना अरबीत सांगितलं जायचं आणि ते शेवटी, एकटेच हसायचे. विनोद असा तीन भाषांतून फिरून यायचा.

एकदा ग्रॅहम मला म्हणाले, बायको गेल्यापासून सकाळी उठून कुठं जायचं हा प्रश्नच होता. आता नाही.

एवढं सगळं मला माहीत होतं. तेच तर — मला सगळं माहीत होतं.

आता ती मीटिंग. ग्रॅहम आले त्याच हिवाळ्यातली. फेज टूच्या व्हिला विकल्या जात नव्हत्या. टेबलाभोवती सगळे मोठे लोक, सेल्स, मार्केटिंग, आमचे डायरेक्टर. मी अशा मीटिंगांना वर्षानुवर्षं बसत आले होते, आणि खरं सांगू? माझ्याकडे कुणी कधी बघायचंही नाही. गीझर आणि कुत्र्यांची बाई. त्या दिवशी डायरेक्टर वैतागून म्हणाले, "क्लायंट साइटवर येतो, खूश असतो, आणि नंतर फोन उचलत नाही. का? कुणी सांगेल का मला?"

सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. आणि मी बोलले.

मी म्हणाले, होड्या. लोक रांगेच्या शेवटापर्यंत चालत जातात, तिथं जाळी वाळत असतात, माशांचा वास येतो, पहाटे इंजिनांचा आवाज असतो. पलीकडे नवीन मासेमारी बंदर झालंय, शेड आहेत, बर्फ आहे, वीज आहे. होड्या तिथं गेल्या तर किनारा मोकळा होईल. त्यांचीही सोयच होईल.

डायरेक्टरनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "वैशाली," ते म्हणाले, "हे इतके दिवस का नाही बोललीस?"

काय वाटलं मला तेव्हा! लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. परतीच्या रस्त्यावर मी गाडीत गाणं म्हणत होते. घरी जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. श्रीकांत म्हणाला, वा. माझी लेक इरा, तेव्हा दहावीत होती, ती ताटातून मान वर करून म्हणाली, "बट ममा, इजन्ट दॅट युवर फिश अंकल? वेअर विल ही सिट?"

"नवीन बंदर आहे ना," मी म्हणाले. "जास्त चांगलं."

"फॉर हूम?" इरानं विचारलं. मी तिला भाजी वाढली.

पण हीसुद्धा अजून ती गोष्ट नाही. इथपर्यंतचं मी कदाचित कुणालाही सांगू शकले असते. नोकरी आहे, धंदा आहे, मी नसते बोलले तर दुसरं कुणी बोललं असतं — अशी वाक्यं तयारच असतात.

कंपनीनं पुढचं सगळं रीतसर केलं. परवानग्या झाल्या, मालकांशी बोलणी झाली. अबू सालेमच्या मुलांनी होकार दिला. मुलं ऑफिसात नोकरी करणारी, त्यांना होड्यांचं फार काही नव्हतं. पण कामगारांना, हसनचाचांना, आधी कुणीतरी जाऊन सांगावं असं ठरलं. प्रेमानं. कुणी? अर्थात वैशालीनं. तिची ओळख आहे. ती त्यांच्या भाषेत बोलते.

मी गेले. सकाळची वेळ होती. अबू सालेम अजून आले नव्हते. ग्रॅहमही आले नव्हते. हसनचाचा वाळूत बसून पिंजऱ्याची तार वळत होते. मी सांगितलं. नवीन बंदर, शेड, बर्फ — सगळं त्याच सुरात सांगितलं. ते ऐकत राहिले. हात थांबले होते.

मग म्हणाले, "कोणाला त्रास झाला गो आमचा?"

मी म्हणाले, "तसं नाही चाचा. तक्रारी येतात."

"कोणाच्या?"

ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते विश्वासानं बघत होते — बाय आहे, बाय खरं सांगेल. आणि खरं काय होतं? तक्रारच नव्हती. एकाही रहिवाशाची लेखी, तोंडी, फोनवर, कसलीच तक्रार नव्हती. फक्त मी होते. त्यांची कॉफी पिऊन जाणारी मी.

माझी नजर वळली. आधार शोधायला वळावी तशी, त्यांच्या खांद्यावरून मागं. आणि मागं ग्रॅहमची व्हिला होती. हसनचाचांनी वळून पाहिलं, मी कुठं बघतेय ते.

"उस्ताद?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

हो. हीच ती गोष्ट. मी नाही म्हणू शकले असते. नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी मान हलवली, आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून वर म्हणाले, "वय झालंय त्यांचं. पहाटे आवाजानं झोप मोडते म्हणे. वासही सोसत नाही. तुम्हाला तोंडावर बोलायचा संकोच वाटला असेल."

हे वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून, नीट रचून, वर घातलं. इतकं सहज आलं तोंडातून! आजही मला भीती वाटते ती त्या सहजपणाची.

 हसनचाचा तार पुन्हा वळायला लागले. मग एकदा फक्त म्हणाले, "इथं बसून कॉफी प्यायचा तो." एवढंच. आणि मला जाताना मासे दिले. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं. मुद्दाम पाहायला गेले असं नाही. एका जर्मन बाईच्या गच्चीतलं पाणी झिरपत होतं, ते बघायला चढले होते, आणि तिथून सगळं दिसत होतं. ग्रॅहम डबा घेऊन वाळूतून चालत गेले. अबू सालेम उठले — गुडघे धरत, सावकाश — आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. हसनचाचा जाळं गुंडाळत राहिले, पाठ करून. ग्रॅहम उभे होते. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग त्यांनी डबा शेडखाली ठेवला आणि परत फिरले. मग पुन्हा मागं गेले आणि डबा उचलून घेतला. डबा ठेवणंसुद्धा आगाऊपणा होईल असं वाटलं असेल का त्यांना?

मी त्या बाईला म्हणाले, "वॉटरप्रूफिंग करून घेऊ, दोन दिवसांत माणूस पाठवते."

ग्रॅहम माझ्या ऑफिसात आले. टेबलासमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे. म्हणाले, "वैशाली, मी काही चुकीचं वागलोय का? त्यांच्या चालीरीती मला कळत नाहीत. तू विचारशील का त्यांना? तुला ते सांगतील."

तेव्हा सांगायचं होतं. दार बंद होतं, आम्ही दोघंच होतो, तो माणूस मला स्वतःहून विचारत होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "त्यांना इथून जावं लागतंय, त्यामुळे मन थाऱ्यावर नाही त्यांचं. तुमच्यावर राग नाही. पण थोडे दिवस तिकडं जाऊ नका. त्यांना एकटं राहू द्या."

म्हणजे ते तिकडं गेले नाहीत तर कधी बोलणं होणार नाही. बोलणं झालं नाही तर — खुणांनी का होईना — कुणी कुणाला काही विचारणार नाही. मी इतका विचार केला होता. घाबरलेल्या माणसाला सुचत नाही म्हणतात ना? मला सगळं सुचत होतं.

"अर्थात, अर्थात," ते म्हणाले. आणि माझं ऐकलं. सभ्य माणूस. गेलेच नाहीत.

ज्या दिवशी होड्या हलवल्या त्या दिवशी मोठे ट्रेलर आले, क्रेन आली. होड्या हवेत उचलल्या जाताना फार लहान दिसतात. तुम्ही कधी पाहिलीय हवेत लटकलेली होडी? ग्रॅहम वरच्या खिडकीत उभे होते. शेवटचा ट्रेलर निघाला तेव्हा त्यांनी काचेमागून हात वर केला. हसनचाचा ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी होते. त्यांनी वर पाहिलं. मग मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. ट्रेलर गेला.

किनारा मोकळा झाला. खरंच सुंदर दिसायला लागला — वाळूवर रोज सकाळी मशीन फिरवतात, पावलांचे ठसेसुद्धा राहत नाहीत. त्याचे फोटो काढले. फेज टू विकला गेला. माझं पद वाढलं, मला खिडकीची केबिन मिळाली. घेणाऱ्यांतले बरेच जण थंडीपुरते येतात, एरवी व्हिला बंद. उन्हाळ्यात त्या रांगेतून चाललं की फक्त एसीच्या मशीनची घरघर ऐकू येते.

ग्रॅहम मात्र उन्हाळ्यातही तिथंच. ते फोन करायला लागले. आधी नळ टपकतोय. मग दरवाजा नीट लागत नाही. मग एसीचा आवाज येतोय. टेक्निशियन जायचा आणि येऊन सांगायचा, "मॅडम, उधर तो सब ठीक है. बुढ्ढा चाय पिलाता है." मला कळत होतं. नळ टपकत नव्हता. कुणीतरी यावं म्हणून तो माणूस नळ टपकतोय म्हणत होता. मी स्वतः गेले नाही. मी टेक्निशियन पाठवत राहिले. त्याला सांगितलं, "चहा पी, घाई करू नकोस." आणि त्यातच मी किती चांगली असं मला वाटलं. वाटलं, खरंच!

नवीन बंदर लांब होतं. अबू सालेमना रोज तिथं कोण नेणार? मुलं त्यांच्या कामात. हळूहळू त्यांचं जाणं बंद झालं. एकदा मला ते को-ऑपरेटिव्हच्या दुकानात दिसले, व्हीलचेअरवर, नातू ढकलत होता. मला ओळखलं. छातीवर हात ठेवून विचारपूस केली. ग्रॅहमचं नाव काढलं नाही. समुद्राचंही नाही. मग मुलांनी होड्या विकल्या. नव्या मालकाला तरुण माणसं हवी होती. हसनचाचांचं इथलं काम संपलं. खलास.

जायच्या आधी त्यांनी मला फोन केला. एअरपोर्टवर सोडायला मी गेले — ते नको नको म्हणत होते तरी. दोन बॅगा आणि दोरीनं बांधलेलं एक खोकं. गाडीत ते बराच वेळ बाहेर बघत होते. म्हणाले, गावी नातवंडं आहेत पण ती मला ओळखत नाहीत, फोटोतला दादा, म्हणजे आजोबा, म्हणतात. शारजाच्या जवळ आल्यावर एकदम म्हणाले, "बाय, एक काम करशील?"

"बोला ना चाचा."

"उस्तादाला सांग, माझ्या मनात काय नाय. म्हातारपणी झोप मोडली की माणूस कावतोच. मी पण कावतो. त्याला सांग, हसननं माफ केलंय. त्यानं तोंडावर बोलायला हवं होतं, एवढंच लागलं मनाला. मी इंजिन लांब नेऊन चालू केलं असतं."

मी गाडी चालवत होते. समोर बघत होते. ट्रॅफिक होता, नेहमीसारखा. किती सोपं होतं तेव्हा! गाडी कडेला घ्यायची आणि म्हणायचं, चाचा, त्याला माफ करू नका, त्यानं काही केलेलं नाही. फक्त एवढंच. ते विमानात बसणार होते, पुन्हा कधी भेटणार नव्हते. माझं काय बिघडणार होतं? तरी मला ते करवलं नाही. त्यांनी मला बाय म्हणत जावं, असं मला वाटत होतं. तेवढ्यासाठी.

"सांगते," मी म्हणाले. "नक्की सांगते."

आणि सांगितलं नाही. कसं सांगणार? "त्यांनी तुम्हाला माफ केलंय" म्हटलं की ग्रॅहम विचारणार, कशाबद्दल? त्या एका निरोपात माझं अख्खं खोटं बांधलेलं होतं.

त्यानंतरच्या थंडीत ग्रॅहमनी व्हिला विकायला काढली. गिऱ्हाईक लगेच मिळालं — शेवटची व्हिला आता सगळ्यांत मागणीची होती, तिथून मोकळा समुद्र दिसायचा. ते इंग्लंडला परत चालले होते, पुतणीच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात. शेवटची किल्ली घ्यायला मी गेले. तेव्हा मात्र मलाच जावं लागलं. घर रिकामं झालं होतं. त्यांनी दोन कपांत चहा केला होता. आम्ही उभ्यानंच प्यालो, खुर्च्या गेल्या होत्या. ते खिडकीपाशी होते.

"मला वाटतं, मला कळलंय," ते म्हणाले.

माझ्या हातातला कप थांबला. मला वाटलं, झालं. आणि — सांगू? — त्या क्षणी मला हलकं वाटलं. वाटलं, यांना कळलंय, आता मला बोलावं लागणार नाही.

ते म्हणाले, "त्या हिवाळ्यात अबू सालेमचा भाऊ गेला होता. मला नंतर, फार नंतर कळलं. टेक्निशियनच्या बोलण्यात आलं. सगळे सांत्वनाला गेले असतील. मी गेलो नाही. उलट दुसऱ्या दिवशी बिस्किटं घेऊन गेलो, हसत हसत. त्यांना काय वाटलं असेल! मी शेजारी होतो, त्यांच्यात बसत होतो. मी विचारपूस करायला हवी होती. मी फार विचार केलाय यावर, वैशाली. तेच असणार. तुला काय वाटतं?"

अबू सालेमचा भाऊ खरोखर गेला होता. पण तो आधीच, ग्रॅहम इथं येण्याच्याही आधी. मला ते माहीत होतं. मी स्वतः त्यांच्या घरी भेटून आले होते. टेक्निशियननं सांगण्यात काहीतरी गोंधळ केला होता, किंवा ग्रॅहमनीच ऐकण्यात. एका वाक्यात मी त्यांचा समज खोडून काढू शकले असते. माझं खोटं झाकून ठेवूनसुद्धा — बघा, तेवढीही मोकळीक होती — मी म्हणू शकले असते, नाही ग्रॅहम, ते नाही, तुमचं काही चुकलं नाही.

तो माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला काहीतरी कारण हवं होतं. कसलंही.

मी म्हणाले, "असेल कदाचित."

त्यांनी मान डोलावली. "हो," ते म्हणाले. "तेच असणार." आणि कप धुवायला आत गेले.

टॅक्सी आली. मी बॅग उचलायला मदत केली. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि म्हणाले, अबू सालेम कधी भेटले तर त्यांना सांग, मला वाईट वाटतं, भावाबद्दल. मी म्हणाले, सांगेन.

हसनचाचा आणि ग्रॅहम, दोघंही अजून आहेत. हसनचाचा गावी आहेत, ईदला त्यांचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, फुलांचा फोटो असतो. मी उत्तरात फुलांचा फोटो पाठवते. ग्रॅहम त्या आश्रमात आहेत. पुतणीनं एकदा ईमेलमधून कळवलं होतं की ते हल्ली फारसे बोलत नाहीत, पण ऐकू चांगलं येतं. दोघांचेही नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. हे लिहायला घेतलं तेव्हा फोन शेजारी होता. अजूनही आहे. मी कुणालाच फोन केलेला नाही.